आवक-जावक वही कोणाच्या कुलुपात?

गुजरातेत कच्छच्या आखाताच्या काठी वाडीनार येथे नायरा एनर्जी या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. वर्षाला दोन कोटी टन कच्चे तेल शुद्ध करण्याची त्याची क्षमता आहे. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने या कंपनीवर निर्बंध जाहीर केले. कारण तिचे ४९ टक्क्यांहून अधिक भाग रॉसनेफ्ट या रशियन कंपनीकडे आहेत. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने नायराची ईमेल आणि कार्यालयीन सेवा बंद केली. कारखाना भारतात, कामगार भारतीय, कायदा भारताचा, परवान्याचे पैसे कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे पूर्ण भरलेले. तरीही एके दिवशी कचेरीतले पत्र जाईना आणि बाहेरचे पत्र येईना. नायराला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाली आणि प्रकरणावर पडदा पडला.

पडदा पडला, हेच दुर्दैव होय. वस्तुतः या देशातील प्रत्येक कारखानदाराने, प्रत्येक सहकारी बँकेच्या संचालकाने आणि प्रत्येक पतसंस्थेच्या चिटणीसाने त्या दिवशी स्वतःला एक प्रश्न विचारावयास हवा होता: आपल्या संस्थेची आवक-जावक वही कोणाच्या कुलुपात आहे?

नायराचा कैवार घेण्याचे कोणत्याही समाजवाद्याला कारण नाही. रशियन तेल आणि जागतिक भांडवल यांच्या साठमारीत कोणाची बाजू न्याय्य, हा वेगळा विषय आहे. येथे मुद्दा इतकाच की ज्या कंपनीकडे नामांकित वकिलांची फौज उभी करण्याइतका पैसा होता, ती आठवडाभर मुकी झाली. मग सांगलीच्या एखाद्या पतसंस्थेचे किंवा जळगावच्या एखाद्या जिनिंग कारखान्याचे खाते, चुकून का होईना, बंद पडले, तर तिने कोणाकडे दाद मागावयाची? उच्च न्यायालयाकडे जाण्याची तिची ऐपत नाही, आणि सेवा विकणाऱ्या कंपनीच्या दूरध्वनीवर माणसाऐवजी यंत्र बोलते.

ईमेल ही किरकोळ सोय आहे, अशी समजूत अद्याप अनेक संस्थांत आढळते. वस्तुस्थिती निराळी आहे. आज निविदा ईमेलने येतात, मालाच्या मागण्या ईमेलने नोंदल्या जातात, करखात्याच्या नोटिसा ईमेलने बजावल्या जातात, कामगाराच्या नेमणुकीचा आणि बडतर्फीचा हुकूमही ईमेलने निघतो. पूर्वी ज्या गोष्टींसाठी आवक-जावक कारकून, टपालाची वही, लाखेचा शिक्का आणि दप्तरखाना होता, त्या सर्वांची जागा आता सर्व्हर नावाच्या एका यंत्राने घेतली आहे. दप्तरखान्याची किल्ली परक्याच्या हाती देण्याचा ठराव एखाद्या संचालक मंडळापुढे उघडपणे आला असता, तर तो एकमताने फेटाळला गेला असता. परंतु तोच ठराव ‘माहिती तंत्रज्ञान सेवा, प्रति खाते, प्रति महिना’ अशा शीर्षकाखाली आला, आणि चहाचा पेला संपण्यापूर्वी मंजूर झाला.

भाडेकरूंचे नवे युग

या व्यवहाराचे खरे नाव भाडे असे आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरच्या २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढची आवृत्ती एकदाच पैसे मोजून कायमची विकत घेण्याची सोय उरलेली नाही. ती वर्गणीवरच मिळते, आणि तिच्या नावातच वर्गणी आहे. गिऱ्हाईकाने या यंत्रणेतून उठून कंपनीच्या स्वतःच्या दूरस्थ सर्व्हरवर राहावयास यावे, असाच सारा ओघ आहे. वाडा बांधून देणारा मिस्त्री बघता बघता चाळीचा मालक झाला, आणि ज्याने वाडा बांधून घेतला तो खोलीभाडे भरू लागला.

भारतीय वाचकाला हे दृश्य नवीन वाटू नये. १९६० आणि १९७० च्या दशकांत आयबीएम ही अमेरिकी कंपनी भारतात हेच करीत होती. पुढारलेल्या देशांत कालबाह्य झालेली १४०१ जातीची यंत्रे दुरुस्त करून ती येथील कचेऱ्यांना भाड्याने दिली जात. यंत्र भाड्याचे, दुरुस्ती कंपनीची, ज्ञानही कंपनीचे. गिऱ्हाईकाच्या वाट्याला फक्त बिल. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार कंपनीतील परदेशी भांडवल ४० टक्क्यांवर आणावे, असा आग्रह जनता सरकारने धरला. जॉर्ज फर्नांडिस त्या वेळी उद्योगमंत्री होते. आयबीएमने अट नाकारली आणि १९७८ मध्ये ती देशाबाहेर गेली. देशातील संगणक बंद पडतील, असे भाकीत करणारे पंडित तेव्हाही होते. ते खोटे ठरले. सीएमसी या सरकारी कंपनीच्या भारतीय तंत्रज्ञांनी तीच यंत्रे सांभाळली. परावलंबन हे अज्ञानाइतकेच सवयीचेही असते, आणि सवय मोडता येते, हा त्या प्रसंगाचा धडा होता. अर्धशतक उलटण्यापूर्वीच तो विसरला गेला.

मुक्त आणि फुकट

या भाडेकरूपणाला पर्याय आहे, आणि तो कल्पनेतला नाही. ईमेल हे मुळात कोणा एका कंपनीचे अपत्य नव्हे. एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरला पत्र कसे द्यावे, याचे नियम १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिले आणि सर्वांसाठी खुले प्रसिद्ध केले. ते नियम पाळणारे कोणतेही यंत्र दुसऱ्या कोणत्याही यंत्राशी पत्रव्यवहार करू शकते. टपालखात्यात जशी कोणत्याही गावच्या पेटीत टाकलेली पत्रे कोणत्याही गावी पोचतात, तशीच ही व्यवस्था. या सार्वजनिक रस्त्यावर टोलनाके उभारण्याचा उद्योग नंतरचा.

त्या नियमांवर चालणारी सॉफ्टवेअर्स आज मुक्तपणे उपलब्ध आहेत. पत्रांची ने-आण करणारे पोस्टफिक्स, तेच काम करणारे एक्झिम, आलेली पत्रे ज्याच्या त्याच्या पेटीत सांभाळून मागताच हजर करणारे डोव्हकॉट, ब्राउझरमध्ये पत्र वाचावयास देणारे राउंडक्यूब: या साधनांवर जगातील असंख्य मेल सर्व्हर वर्षानुवर्षे चालत आले आहेत. त्यांची मूळ आज्ञावली, म्हणजे तंत्रज्ञाने लिहिलेल्या सूचनांचा सारा मजकूर, कोणालाही वाचता येतो, तपासता येतो, आपल्या गरजेप्रमाणे बदलता येतो. तो वापरण्याचा हक्क परवान्यानेच दिलेला असतो, आणि एकदा दिलेला हक्क कोणा देशाच्या परराष्ट्र खात्याच्या लहरीने रात्रीत काढून घेता येत नाही.

इंग्रजीत स्वतंत्र आणि विनामूल्य या दोहोंना एकच शब्द असल्यामुळे तिकडे या प्रश्नावर बराच घोटाळा झाला. मराठीत तो होण्याचे कारण नाही. ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन शब्द मराठीत स्पष्ट वेगळे आहेत. मुक्त सर्व्हर फुकट चालत नाही. त्याला यंत्र लागते, वीज लागते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो सांभाळणारा जाणता माणूस लागतो. ज्या सल्लागारांनी ‘पैसे वाचतात’ एवढ्याच भांडवलावर मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार केला, त्यांनी त्याचे नुकसानच केले. पहिल्या वर्षी कदाचित खर्च वाढेल, हे संचालकांना सरळ सांगितले पाहिजे. फरक पैशाच्या वाटेत आहे. परवान्याचा पैसा सातासमुद्रापलीकडच्या भागधारकांच्या लाभांशात जमा होतो. सर्व्हर सांभाळण्याचा पैसा सोलापूरच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या तंत्रज्ञ मुलीच्या पगारात जातो, आणि तिच्याबरोबर ते ज्ञानही गावात राहते.

आक्षेपांचा समाचार

या सूचनेवर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा घेतला जातो. बड्या कंपनीच्या तिजोरीत पत्रे सुरक्षित राहतात, उघड्या आज्ञावलीत चोरांना वाट सापडते, असे म्हणतात. घडलेल्या घटना काय सांगतात? मार्च २०२१ मध्ये एक्स्चेंजमधील चार अज्ञात भगदाडांतून हल्लेखोर जगभरच्या हजारो संस्थांच्या सर्व्हरांत शिरले. २०२३ मध्ये कंपनीच्या स्वतःच्या दूरस्थ सेवेतून अमेरिकी सरकारच्या अधिकाऱ्यांची पत्रे वाचली गेली; त्यांत व्यापारमंत्र्यांची पेटीही होती. अमेरिकी सरकारनेच नेमलेल्या मंडळाने एप्रिल २०२४ मध्ये निष्कर्ष काढला, की ही घुसखोरी टाळता येण्याजोगी होती आणि कंपनीची सुरक्षाविषयक वृत्ती अपुरी होती. मुक्त सॉफ्टवेअरला भगदाडे पडत नाहीत, असा दावा कोणी करू नये. १९८८ मध्ये इंटरनेटवर धुमाकूळ घालणारा मॉरिस याचा किडा सेंडमेल या मुक्त मेल सर्व्हरच्याच एका दोषातूनही शिरला होता. २०१९ मध्ये एक्झिममध्येही गंभीर दोष सापडला. अंतर एवढेच की मुक्त आज्ञावलीतील दोष कोणालाही पाहता येतो आणि कोणालाही दुरुस्त करता येतो. बंद पेटीतील दोष मालकाच्या सवडीची वाट पाहतो.

तिजोरीचा मालक कोणाचा हुकूम मानतो, हा त्यापुढचा प्रश्न. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्याने अमेरिकी कंपन्यांनी परदेशांत ठेवलेली माहितीही तेथील यंत्रणांना मागता येते. जून २०२५ मध्ये फ्रेंच सिनेटच्या चौकशी समितीपुढे मायक्रोसॉफ्टच्या फ्रान्समधील अधिकाऱ्याने शपथेवर कबूल केले, की फ्रेंच नागरिकांची माहिती अमेरिकी सरकारच्या हाती कधीही जाणार नाही, अशी हमी आपण देऊ शकत नाही. त्याच वर्षी अमेरिकेने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या मुख्य अभियोक्त्यावर निर्बंध घातल्यानंतर त्यांची ईमेल बंद झाल्याचे वृत्त आले. न्यायालयाची सेवा आपण थांबवली नाही, असा खुलासा कंपनीने केला. परंतु त्या न्यायालयाने खुलाशावर विसंबून न राहता ऑक्टोबर २०२५ मध्ये मुक्त प्रणालीकडे वळण्याचे ठरविले. जे शहाणपण हेगला सुचले, ते मुंबईला सुचू नये काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. स्वतःचा सर्व्हर चालविणाऱ्या लहान संस्थेची पत्रे मोठ्या कंपन्यांच्या पेट्यांत पोचत नाहीत. ती संशयित म्हणून कचऱ्याच्या टोपलीत पडतात. हे खरे आहे. पत्र खरोखर त्याच संस्थेचे आहे याची ओळख पटविणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या खुणा नीट लावल्या नाहीत, पत्ता नवीन असला, किंवा त्याच रांगेतल्या दुसऱ्या कोणी उपद्रव केलेला असला, की साध्या पत्रालाही वेशीवर अडविले जाते. कचरा अडविण्याच्या नावाखाली काही थोड्या कंपन्या साऱ्या जगाच्या टपालाच्या दारवान बनल्या आहेत. पण यावरून निघणारा निष्कर्ष शरणागतीचा नाही. एकट्या लहान संस्थेला जे साधत नाही, ते शंभर संस्थांनी एकत्र येऊन साधावे. याच विचाराला या महाराष्ट्रात सहकार म्हणतात.

तिसरा आक्षेप म्युनिकच्या उदाहरणाचा. त्या शहराने २००३ मध्ये कार्यालयीन संगणक मुक्त प्रणालीवर नेण्याचे ठरविले. तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर आपली सुट्टी अर्धवट सोडून महापौरांच्या मनधरणीसाठी धावले होते. शहराने हजारो संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये नव्या सत्ताधाऱ्यांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला. यातून तंत्र हरले असे म्हणण्यापेक्षा राजकीय इच्छा हरली, असे म्हणणे योग्य ठरेल. त्याच जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४० हजारांहून अधिक टपालपेट्या एक्स्चेंजमधून काढून ओपन-एक्स्चेंज आणि थंडरबर्ड या मुक्त साधनांवर आणल्या. दहा कोटींहून अधिक पत्रे व नोंदी हलविल्या गेल्या. तक्रारी झाल्या, कामे खोळंबली, मंत्र्यांवर टीका झाली. तरी काम तडीस गेले. विशेष म्हणजे हे करणाऱ्या सरकारचे नेतृत्व कोणा डाव्या पक्षाकडे नसून ख्रिश्चन डेमोक्रॅटांकडे आहे. जर्मन उजव्यांना जे कळते, ते येथील समाजवादाचा वारसा सांगणाऱ्या सहकारसम्राटांना कळू नये, यासारखी शोकांतिका नाही.

स्वदेशी मालक हाही मालकच

आता एक सोपे उत्तर बाजारात आले आहे, आणि त्यापासून सावध राहिले पाहिजे. ते उत्तर म्हणजे स्वदेशी. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ईमेल झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर नेण्यात आल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मंत्र्यांनी आपापले नवे पत्ते अभिमानाने जाहीर केले. परदेशी कंपनीपेक्षा देशी कंपनी भारतीय न्यायालयांच्या कक्षेत अधिक येते, हे मान्य. पण झोहोची आज्ञावलीही बंदच आहे. मालक बदलला; मालकी तशीच राहिली. भाडेकरूने परक्या घरमालकाचे घर सोडून जातभाईच्या घरात बिऱ्हाड हलविले, म्हणून तो घरमालक होत नाही. खुद्द केंद्र सरकारनेच २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले होते, याचे स्मरण या उत्सवात कोणाला राहिले नाही.

कंपनीचा झेंडा पाहण्यापेक्षा कराराचा मजकूर पाहावा. याचे सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा आयबीएमचेच आहे. १९७८ मध्ये भांडवलातील वाटा सोडण्याऐवजी देश सोडणाऱ्या याच कंपनीच्या प्रयोगशाळेत वित्से व्हेनेमा या डच शास्त्रज्ञाने पोस्टफिक्स लिहिले, आणि १९९८ मध्ये ते मुक्त परवान्याखाली जगाला दिले. परकी कंपनी, पण परवाना मुक्त. म्हणून पोस्टफिक्सच्या गळ्यात कोणाचे दावे नाही. उलट, मुक्त म्हणून नावारूपाला आलेल्या झिंब्रा या मेल सर्व्हरने २०२० च्या नवव्या आवृत्तीपासून आपल्या मुक्त संस्करणाची तयार बांधणी देणे थांबविले, आणि त्यावर विसंबलेल्या संस्थांची तारांबळ उडाली. मुक्ततेचा शिक्काही तपासूनच घ्यावा लागतो.

येथे वापरणाऱ्यांच्या कर्तव्याचाही उल्लेख झाला पाहिजे. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ हा भयंकर दोष उघडकीस आला, तेव्हा जगाला कळले की निम्म्या इंटरनेटची गुप्तता ज्याच्यावर उभी, ते साधन मूठभर माणसे तुटपुंज्या देणग्यांवर सांभाळीत होती. अब्जावधींचा नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी त्यांचे श्रम वापरले आणि मोबदला दिला नाही. मुक्त सॉफ्टवेअर घेऊन त्याच्या निर्मात्यांना काहीच न देणे हीदेखील पिळवणूकच आहे. परवान्याचे जे पैसे वाचतील, त्यांतला ठराविक भाग या निर्मात्यांकडे गेला पाहिजे, किंवा आपल्या तंत्रज्ञांनी त्या आज्ञावलीत भर घातली पाहिजे.

काय करावे

१९५० मध्ये प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा त्यामागचा विचार साधा होता: ज्याचा ऊस, त्याचाच कारखाना. खाजगी कारखानदाराने काटा मारला म्हणून दुसऱ्या कारखानदाराकडे जाणे हा मार्ग त्यांनी पत्करला नाही. काटाच आपला केला. आज त्याच परंपरेतील संस्थांची पत्रे परक्याच्या पेटीत, आणि पुष्कळ ठिकाणी तर व्यवस्थापकाच्या खाजगी, फुकट खात्यात पडून आहेत. व्यवस्थापक निवृत्त झाला की संस्थेचा पत्रव्यवहारही त्याच्याबरोबर घरी जातो. ही निष्काळजी आणखी किती दिवस चालणार?

सहकारी बँका, पतसंस्था, कारखाने आणि लघुउद्योगांचे संघ यांनी जिल्हावार एकत्र येऊन सामायिक मुक्त मेल सर्व्हर उभारावेत. नागरी सहकारी बँकांसाठी मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय छत्रसंस्थेचे उद्घाटन झाले आहे. अशा कामाला तिने हात घातला, तर तिच्या अस्तित्वाचे सार्थक होईल. मात्र काही अटी प्रारंभीच ठरवाव्यात. पत्त्याचे नाव संस्थेच्या मालकीचे असावे. पत्रे अशा साध्या, उघड्या स्वरूपात साठवावीत, की उद्या दुसऱ्या सर्व्हरवर नेताना कोणाची परवानगी लागू नये. त्यांची रोजची प्रत संस्थेच्या वास्तूत राहावी. जो पुरवठादार निरोपाची अट करारात लिहून देत नाही, त्याच्याशी करार करू नये. आणि सर्व्हर सांभाळणारे तंत्रज्ञ कंत्राटी नसावेत. पूर्ण पगाराचे, हक्काच्या रजेचे, संघटनेचे सभासद असलेले कामगार असावेत. कंत्राटी हातांवर उभे राहिलेले स्वावलंबन पहिल्या वादळात कोसळते.

हे काम एका वर्षात होणार नाही. आधी एक तालुका, मग एक जिल्हा. नवी यंत्रणा स्थिरावेपर्यंत जुनी चालू ठेवून, एकेक विभाग हलवीत जावे लागेल. संचालक मंडळांच्या बैठकांत पुन्हा ते ‘प्रति खाते, प्रति महिना’चे कागद येतील, चहा येईल, आणि ‘सगळेच हेच वापरतात’ हा युक्तिवादही येईल. त्या वेळी एखाद्या सभासदाने उठून वाडीनारची आठवण करून द्यावी आणि इतिवृत्तात नोंद घ्यावयास लावावी, की दप्तराची किल्ली देण्याचा ठराव मंजुरीला आला असता त्याने विरोध नोंदविला. चळवळी अशाच एका विरोधी मतापासून सुरू होत आल्या आहेत.